‘श्यामची आई’ आणि तात्पर्याची घाई

२४ डिसेंबर ही साने गुरुजींची जयंती आणि ११ जून ही पुण्यतिथी. या दोन तारखांच्या आगेमागे ‘श्यामची आई’वरचा वाद दरवर्षी नव्याने पेटतो. मुलांवर संस्कार करायचे असतील तर हे पुस्तक त्यांच्या हाती द्यायलाच हवं, असं एक बाजू म्हणते. हे रडकं, कालबाह्य आणि एका विशिष्ट जातीच्या घरातलं पुस्तक सगळ्यांच्या माथी मारू नका, असं दुसरी बाजू म्हणते. आवाज दोन्हीकडे चढलेले असतात, पण पुस्तकातल्या एखाद्या प्रसंगावर बोट ठेवून बोलणारे फार थोडे. एकाला तात्पर्य पटलेलं असतं, दुसऱ्याला खटकलेलं असतं. पुस्तक म्हणजे त्याचं तात्पर्य, हे मात्र दोघांनीही न बोलता मान्य करून टाकलेलं असतं. गफलत इथेच होते. नववीपासून पुढच्या विद्यार्थ्यांच्या वाचनगटात ‘श्यामची आई’ अवश्य वाचावी, असं माझं ठाम मत आहे. पण तिथे आईच्या शिकवणींची यादी करायची नाही आणि आईला आरोपीच्या पिंजऱ्यातही उभं करायचं नाही. या पुस्तकात चांगुलपणा आणि त्या चांगुलपणाची हद्द अनेकदा एकाच वाक्यात भेटतात. ती हद्द नेमकी कुठे पडते, कोणी आखली आणि ओलांडता आली असती का, हे शोधणं वाचनगटाचं काम आहे.

आधी पुस्तकाची घडण पाहू. गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिलं. त्यात प्रकरणांऐवजी रात्री आहेत, एकूण ४२. आश्रमात राहणारा, मोठा झालेला श्याम रात्री सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो. म्हणजे एकाच पानावर तीन माणसं वावरत असतात. विसाव्या शतकाच्या आरंभीचं कोकणातलं एक पोर, त्या पोराच्या आठवणी सांगणारा आश्रमातला श्याम, आणि हे सगळं तुरुंगात बसून लिहिणारे तेहेतीस वर्षांचे पांडुरंग सदाशिव साने. समोरचं वाक्य या तिघांपैकी कोणाचं, एवढं विचारलं तरी अर्धे वाद निवळतात. पोराला आईचा राग आला तेव्हा तो खराखुरा राग होता. कृतज्ञता नंतरची, सांगणाऱ्याची आहे. आणि ऐकणारे सोबती? ते हेलावतात, श्यामवर जीव टाकतात. आईचं इथे चुकलं, असं म्हणणारा आवाज त्या आश्रमात जवळपास ऐकूच येत नाही. त्या ४२ रात्रींत गैरहजर राहिलेला हा श्रोता वाचनगटाने व्हायचं आहे. मायेने ऐकणारा आणि तरीही शंका विचारणारा.

तात्पर्याची ओढ आपल्याकडे जुनी आहे आणि ती कुठून आली हेही दिसतं. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात सिद्धांत मांडतात आणि उत्तररंगातलं आख्यान तो पटवून देतं. एकोणिसाव्या शतकात सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी इसापनीती मराठीत आणली आणि गोष्टीखाली तात्पर्य वाचायची सवय शाळेतही मुरली. या दोन्ही परंपरांचं मोल आहे, पण दोन्हींत गोष्ट ही आधीच ठरलेल्या निष्कर्षाची साक्षीदार असते. कादंबरीत पेच आधी येतो आणि निष्कर्ष बऱ्याचदा येतच नाही. ‘श्यामची आई’ची अडचण अशी की तिच्यात दोन्ही आहे. सांगणाऱ्या श्यामचा सूर कीर्तनकाराचा आहे, पण तो देतो ते तपशील कादंबरीचे आहेत, आणि ते बऱ्याचदा त्याच्या सिद्धांतात मावत नाहीत. जे मावत नाही तेच चर्चेला घ्यायचं.

संस्कारवाल्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा आधी मान्य करतो. लहान मुलाला आधी काहीतरी ठाम मिळावं लागतं. आठ-नऊ वर्षांच्या पोराला पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, हे ऐकून गलबलून आलं तर तिथे चिरफाड करायची नसते. मोठ्याने वाचावं, रडू आलं तर रडू द्यावं. या पुस्तकाने रडवलेल्या पिढ्यांची टिंगल करणाऱ्यांना त्या रडण्यातून किती माणसं दुसऱ्याच्या दुःखाकडे वळली हे दिसत नाही. पण पंधरा वर्षांच्या मुलीला आठ वर्षांच्या मुलीचं वाचन पुन्हा वाढणं हा तिचा अपमान आहे. तिला घरात, शाळेत, मोबाइलवर रोज नैतिक पेच भेटतात आणि त्यांच्याखाली कुठे तात्पर्य छापलेलं नसतं.

‘श्यामचे पोहणे’ ही रात्र घ्या. श्याम पाण्याला घाबरतो, पोहायला जायचं टाळून लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने झोडपते आणि विहिरीवर पाठवते. तो पाण्यात उतरतो, परत येतो. मग तीच आई त्याला जवळ घेते आणि तुला लोक भित्रा म्हणालेले मला आवडेल का, असं विचारते. वर्गात यावर ठरलेलं उत्तर येतं की आई वरून कठोर पण आतून प्रेमळ होती. तिथे थांबलं तर मुलं काय घेऊन जातात? ज्याचं प्रेम आहे त्याला मारायचा हक्क आहे, एवढंच. त्याच वर्तुळात घरी रोज मार खाणारं एखादं मूल गप्प बसलेलं असू शकतं. दुसरी बाजू शिक्षण हक्क कायदा, २००९ मधल्या शारीरिक शिक्षेवर बंदी घालणाऱ्या कलम १७ चा हवाला देते आणि प्रसंग बालछळ म्हणून निकालात काढते. ते कलम शाळेतल्या शिक्षेपुरतं आहे, घरातल्या माराला ते लागू होत नाही; तरी मुलांना ते माहीत असायलाच हवं. पण निकाल लागला की वाचन संपतं. मग हे कोण विचारणार की आईला खरं भय कशाचं होतं, पोराच्या न पोहण्याचं की लोकांच्या बोलण्याचं? श्यामला पाण्याची भीती का वाटते हे त्याला कोणी विचारलं का? तो पोहायला शिकला म्हणून मार योग्य ठरतो का, आणि शिकलाच नसता तर? साध्य चांगलं निघालं की साधन आपोआप धुऊन निघतं का, हा नीतिशास्त्रातला अस्सल प्रश्न इथे शिंपटीच्या रूपात उभा आहे. दोन्ही बाजूंची घाई तो पळवून लावते.

आता ज्या रात्रीवर सगळी चर्चा टेकवावी असं मला वाटतं, ती रात्र म्हणजे ‘देवाला सारी प्रिय’. एक म्हातारी महार बाई रस्त्यात लाकडांची मोळी घेऊन अडलेली आहे. ती तिला उचलून डोक्यावर घेता येत नाही. तिला शिवायचं नाही म्हणून कोणी हात लावत नाही. श्याम हे पाहतो. आई त्याला म्हणते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे. आणि घरी येऊन आंघोळ कर, हेही तीच सांगते. भर रस्त्यात, लोकांच्या देखत, ब्राह्मणाच्या घरातला मुलगा त्या बाईच्या मोळीला हात लावतो आणि मग आंघोळ करतो.

संस्कारवाला वाचक मोळीपाशी थांबतो आणि आंघोळीचं वाक्य हलकेच ओलांडून जातो. टीकाकार आंघोळीपाशी थांबतो आणि मोळी विसरतो. वाचनगटाने या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत किमान अर्धा तास घालवावा. आईने हात लाव म्हटलं तेव्हा तिने नेमकं काय मोडलं? आंघोळ कर म्हटलं तेव्हा काय शाबूत ठेवलं? ती आंघोळ तिच्या श्रद्धेची होती, की गावाच्या तोंडाला लावलेलं कुलूप? समजा तिने आंघोळीचं सांगितलंच नसतं, तर श्याम त्या रस्त्यावर पुन्हा गेला असता का, आणि घराला काय भोगावं लागलं असतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या म्हातारीला ही आंघोळ कळली असती तर तिला काय वाटलं असतं? या शेवटच्या प्रश्नावर गट गप्प होतो. त्या शांततेत चर्चा चालवणाऱ्याने तोंड उघडू नये. तिथेच बहुतेकांना जाणवतं की आतापर्यंतचे सगळे प्रश्न आपण श्यामच्या घराच्या ओटीवरून विचारत होतो.

इथे हमखास एक वाक्य येतं, त्या काळी असंच होतं. ते समजूतदारपणाचं वाटतं, पण इतिहासाला धरून नाही. त्या काळी तसं होतंच, आणि त्याविरुद्ध उघड लढाही होता. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली होती. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षं चालला. कुठे? नाशिकला, ज्या गावच्या तुरुंगात १९३३ साली ही रात्र लिहिली गेली. हे पुस्तक लिहिलं जात असताना पुणे करार होऊन सहा महिनेही झाले नव्हते. स्त्रियांच्या बाबतीतही तेच. आईच्या सोशिकपणाला काळाचा दाखला देणाऱ्यांनी ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली छापली गेली होती हे लक्षात घ्यावं. प्रत्येक काळात एकाहून अधिक आवाज असतात. त्या काळी असंच होतं म्हणताना आपण त्यातला एक आवाज संपूर्ण काळाचा म्हणून खपवतो आणि ज्यांनी तेव्हाच नाही म्हटलं होतं त्यांना पुसून टाकतो.

पण हाच इतिहास टीकाकारांनाही सोडत नाही. आंघोळीचा प्रसंग न लपवता लिहिणारा माणूस पुढे कुठे गेला? १ मे ते १० मे १९४७ हे दहा दिवस साने गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केलं, विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून. त्याआधी त्यासाठी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला होता. मोळीला हात लावून आंघोळ करणाऱ्या पोराचा मंदिराच्या दारात प्राण पणाला लावणारा माणूस झाला. मधली वाट त्याने कशी काटली? आईच्या शिकवणीमुळे, की तिची हद्द ओलांडून? माझं उत्तर असं की दोन्हींमुळे, आणि म्हणूनच हे पुस्तक वाचण्याजोगं आहे. आईने त्याला सारी देवाला प्रिय आहेत हे शिकवलं आणि सोबत आंघोळही दिली. त्याने पहिली गोष्ट इतकी मनापासून धरली की दुसरी टाकून द्यावी लागली. एखाद्या वारशातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मराठीत मला माहीत नाही. पुस्तकच वर्गाबाहेर काढलं तर हे उदाहरण कुठून आणणार?

तरीही केवळ ‘श्यामची आई’ वाचून ही चर्चा पूर्ण होत नाही, कारण मोळीची दुसरी बाजू त्या पुस्तकात नाही. ती बेबीताई कांबळ्यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये आहे (पुस्तकरूपाने १९८६). महार बायका रानातून लाकडं तोडून आणतात, मोळ्या बांधतात, विकायला ब्राह्मण आळीत नेतात. घरातली बाई त्यांना काडी न् काडी तपासायला लावते, कारण लाकडाला त्यांचा एखादा केस किंवा लुगड्याचा धागा अडकलेला असेल तर घर विटाळेल. ही तीन-चार पानं ‘देवाला सारी प्रिय’च्या लगेच पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचावीत. मुलांनी नुकतीच एक मोळी उचलताना पाहिलेली असते. आता मोळी खाली ठेवल्यावर काय होतं ते त्यांना दिसतं, आणि या वेळी ते डोक्यावर भारा असलेल्या बाईच्या बाजूने दिसतं. दोन पुस्तकांची तुलना करून कोणतं श्रेष्ठ हे ठरवायचं नाही. पहिल्या पुस्तकातल्या म्हातारीबद्दल आपल्याला काय सांगितलेलं नव्हतं, एवढी यादी फळ्यावर करायला लावावी. लाकडं तिने कुठून आणली, घरी कोण वाट पाहत होतं, मोळीचे किती पैसे येणार होते, लोक नुसते बघत उभे होते तेव्हा तिच्या मनात काय चाललं होतं. ती यादी लांबत जाते तसं मुलांना कळतं की करुणेने लिहिलेल्या गोष्टीतसुद्धा कोणाच्या नजरेतून पाहायचं हे कोणीतरी ठरवलेलं असतं.

असाच पेच अमेरिकेत मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’ने उभा केलेला आहे. १८८५ साली कॉन्कॉर्डच्या सार्वजनिक वाचनालयाने ते पुस्तक मुलांना बिघडवणारं म्हणून काढून टाकलं. विसाव्या शतकात ते कृष्णवर्णीयांसाठी अपमानकारक म्हणून शाळांतून हटवण्याची मागणी झाली. २०११ साली त्यातला वांशिक शिवीचा शब्द बदलून ‘गुलाम’ घातलेली आवृत्ती निघाली. हकचा सदसद्विवेक त्याला सांगतो की पळालेल्या गुलामाला लपवणं पाप आहे, आणि तो नरक पत्करून जिमला साथ देतो. समाजाने पढवलेली नीती आणि हाताने केलेली कृती यांच्यातली फट हाच त्या पुस्तकाचा गाभा आहे. शब्द बदलून ती फट बुजवली तर विद्यार्थ्याला स्वच्छ पुस्तक मिळतं, पण हक कशाविरुद्ध उभा राहिला ते कळत नाही. त्याच वेळी कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला तो शब्द वर्गात पुन्हापुन्हा ऐकावा लागतो ही वेदनाही खरी आहे. ती नाकारून चर्चा चालवणारा शिक्षक पुस्तकाशी प्रामाणिक असेल, मुलाशी नाही.

हाच टीकाकारांचा सगळ्यात बळकट मुद्दा आहे आणि तो मी पूर्णपणे मान्य करतो. ‘श्यामची आई’ हा जेव्हा आदर्श आईचा साचा म्हणून सक्तीने समोर येतो, तेव्हा वीटभट्टीवर राबणाऱ्या, मुलाला शिव्या घालून शाळेत पिटाळणाऱ्या, सोवळं-ओवळं नसलेल्या आईचं मूल मनात ओशाळतं. माझी आई यात कुठेच बसत नाही, असं त्याला वाटतं. हा दोष पुस्तकाचा कमी आणि त्याचा साचा करणाऱ्यांचा जास्त आहे, पण जखम मुलाला होते. म्हणून दोन पथ्यं कसोशीने पाळायला हवीत. एक, तुमच्या आईबद्दल सांगा, हा प्रश्न या गटात कधीही विचारू नये. कोणाला आई नसते, कोणाची आई सोडून गेलेली असते, कोणाच्या घरात आईच मारणारी असते. भावनेला हात घालायचा सोपा मार्ग म्हणून हा प्रश्न येतो आणि दोन-तीन मुलांना तो उद्ध्वस्त करतो. दोन, मोळीच्या बैठकीत दलित विद्यार्थ्याकडे वळून तुला काय वाटतं, असं विचारू नये, आणि नुसत्या नजरेनेही विचारू नये. स्वतःहून बोलला तर सगळ्यांनी ऐकावं, पण समाजाचा प्रतिनिधी म्हणून त्याला उभं करणं हे त्याच्या डोक्यावर आणखी एक मोळी ठेवणं आहे. उलट आंघोळीचं वाक्य वाचल्यावर आपल्याकडे अजून वेगळा कप कुठे ठेवतात, भाडेकरूला आडनाव कोण विचारतं, हे सवर्ण मुलांनी आपापल्या घराकडे पाहून मनाशी ताडावं. जाहीर कबुलीजबाबाची गरज नाही. कबुलीचा कार्यक्रम सुरू झाला की सगळं लक्ष पुन्हा कबूल करणाऱ्यावरच जातं.

तिसरा आक्षेप साहित्याच्या प्राध्यापकांचा असतो. साहित्याकडे नीतीचा प्रश्न घेऊन जाणंच चूक, कलाकृती कलाकृती म्हणून वाचा. फडके-खांडेकरांपासून चालत आलेला हा वाद इथे थोडक्यात आटोपतो, कारण ‘श्यामची आई’पुरतं तरी रचना आणि नीती वेगळी काढताच येत नाही. ‘अळणी भाजी’ची रात्र पाहा. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील ती निमूट खातात, वर चांगली झाली म्हणतात, मुलंही बोलत नाहीत. शेवटी आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. राबणाऱ्या हाताला दुखवायचं नाही, ही वडिलांची शिकवण खरोखर मोठी आहे; आजच्या घराघरात ती हवी आहे. पण चूक उघडी पडण्यासाठी गोष्टीला आईचं शेवटी जेवणं लागतं. घरातल्या बाईने सगळ्यांनंतर पानावर बसायचं, हे गृहीत धरल्याशिवाय गोष्टीचा कळसच उभा राहत नाही. गोष्टीची बांधणी नीट पाहिली की तिने न बोलता मान्य केलेली गोष्ट हाती लागते. नीतीची चर्चा रचनेतून शिरते ती अशी.

आता गट चालवायचा कसा. आठ ते बारा जण पुरेत. पंधराच्या वर गेले की चार जण बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. ४२ रात्री सगळ्या घेऊ नयेत. सहा बैठका, दर बैठकीला एक रात्र आणि दीड तास, एवढं झेपतं. पुस्तकावरचा स्वामित्वहक्क संपून गेलेला असल्यामुळे बाजारात भरपूर आवृत्त्या आहेत, काही संक्षिप्तही. संक्षिप्त आवृत्ती घेऊ नये, कारण काटछाट करताना अवघड वाक्यंच आधी गळायचा धोका असतो. सगळ्यांच्या हाती एकच आवृत्ती असावी, म्हणजे पान सांगून बोलता येतं. सिनेमा पाहून आलेल्यांना वेगळं सांगावं लागतं. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं आणि वनमालाबाईंनी साकारलेली आई पिढ्यान्‌पिढ्या मनात बसली, पण चर्चा छापील वाक्यांवर व्हायची आहे.

बैठकीच्या सुरुवातीला ती रात्र मोठ्याने वाचावी, वाचक बदलत. मग दहा मिनिटं फक्त काय घडलं हे क्रमाने सांगायचं, विशेषणं न लावता. ‘आईने मोठ्या मनाने’ असं कोणी म्हटलं की थांबवून विचारायचं, ते पुस्तकात कुठे आहे? त्यानंतर प्रत्येकाने कागदावर दोन ओळी लिहायच्या. यात निर्णय कोणी घेतला, आणि त्याची किंमत कोणी मोजली? बोलण्याआधी लिहिलं की बुजरी मुलंही हाती काहीतरी घेऊन चर्चेत येतात. यानंतरच चर्चा, आणि तिच्यातही बरोबर की चूक हा प्रश्न शेवटच्या वीस मिनिटांसाठी राखून ठेवायचा. तो आधी आला की गट दोन बाजूंत फाटतो आणि पुढचा तासभर जो तो आपली बाजू सावरत बसतो. चर्चा चालवणाऱ्याने आपलं मत सांगायचंच असेल तर अगदी शेवटी. शिक्षकाला काय ऐकायचं आहे हे ओळखण्यात आपली मुलं शाळेत बारा वर्षं तरबेज झालेली असतात. त्यांना तो धागा मिळाला की संस्कारवाल्या शिक्षकापुढे ती हळवी होतात आणि पुरोगामी शिक्षकापुढे संतापतात. दोन्हीही अनुकरणच. ‘आजच्या पिढीला’ असं सुरू होणारं प्रत्येक वाक्य सभ्यपणे अडवावं आणि पान विचारावं.

‘मोठा होण्यासाठी चोरी’ ही रात्र गटांत हटकून रंगते, कारण पुस्तकासाठी पैसे चोरणाऱ्या मुलाच्या बाजूने बोलायला विद्यार्थी उत्सुक असतात. रंगू द्यावी. पण शेवटची बैठक ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ या रात्रीसाठी ठेवावी, आणि तिथे घाई अजिबात करू नये. सावकाराचा माणूस वसुलीला येतो, घरातल्या बाईबद्दल नको ते बोलतो, आणि एरवी सगळं सोसणारी आई त्याला खडसावते. शाळेतलं तात्पर्य तयार असतं, ऋण काढू नये. पण श्यामचं घराणं खोताचं आहे. कोकणात खोत हा सरकार आणि कूळ यांच्या मधला वसुलीचा दुवा होता, आणि त्याच्या जाचाविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला तोही १९३३ सालीच, पुस्तक लिहिलं गेलं त्याच वर्षी. कुळांनी वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर. श्यामच्या वडिलांचा भलेपणा खरा, त्यांच्या घरावर आलेली नामुष्की खरी, आणि ज्या व्यवस्थेच्या वरच्या पायरीवर ते घर एकेकाळी उभं होतं तीही खरी. विद्यार्थ्यांना कागदावर दोन रकाने आखायला सांगावेत. पहिल्यात श्यामचं घर कोणाचं देणं लागतं, आणि दुसऱ्यात त्या घराचं देणं कोण लागत असेल. पहिला रकाना त्या रात्रीच्या पानांतून सहज भरतो. दुसऱ्यासाठी पुस्तक मिटून चरीच्या संपाचा इतिहास उघडावा लागतो, आणि त्याला पुढच्या आठवड्यात आणखी एक बैठक लागते.